मुलूख बदलायचा तर चेंज नोट लागते

आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये किस्से आपोआप साचत जातात. कुणी लिहून ठेवत नाही. पण रविवारी चहा आला की कुणीतरी म्हणतं, "अगं, तो कड्याला लटकलेला माणूस आठवतो का?" आणि मग मूळ काम राहतं बाजूला!

मूळ काम काय, ते आधी सांगते. आम्ही एक खेळ छापलाय, 'मावळतीचा मुलूख'. मोबाइलवरचा नाही, पुस्तकातला. चार-पाच जण बसतात. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी भालाईत, कुणी वैदू, कुणी चोर. दार फोडलं तर फुटतं का, हे फासे ठरवतात. पुस्तकात असतो तो मुलूख. त्यातले डोंगर, गावं, राजे, राक्षस, नकाशे.

शिकायला परदेशात होते तेव्हा मी असे खेळ भरपूर खेळले. पण त्यातले किल्ले परके, जेवण परकं, थंडीसुद्धा परकी. निगडीला परत आले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन. आपल्या भाषेत आपला मुलूख करायचा, आणि तो पुस्तकात गोठलेला नसेल. पहिल्याच पानावर मी छापलं, "तुम्ही जे कराल, ते मुलखात टिकेल." म्हणजे तुम्ही खेळात राजा मारला आणि आम्हाला कळवलं, तर पुढच्या आवृत्तीत राजा मेलेला असेल. सगळ्यांसाठी.

तांबवेस त्याही आधीची, परदेशातच लिहिलेली. हॉस्टेलच्या खोलीत, तीन हिवाळे. तीनशे उंबऱ्यांचं शहर, तांब्याची वेस, गल्लीगल्लीतून वाहणारे पाट, कुणालाही उघडं असलेलं ग्रंथालय, आणि येणाऱ्याला आडनाव विचारायचं नाही असा कायदा. पहिल्या आवृत्तीत तिची मोजकीच पानं होती; दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तांबवेसच येणार आहे, हे ठरलेलं होतं. आतली साठ पानं तयार होती.

त्यामुळे कुठल्याही खेळाडूंचं पत्र आलं की मी आधी एकच शोधायचे. यात तांबवेस नाही ना?

*

ढवळे काका आमच्यात आले ते लग्नाची पत्रिका द्यायला!

काका पप्पांचे मित्र. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला. आयुष्यभर मापं तपासलेला माणूस. पत्रिका टेबलावर ठेवली आणि शेजारी पडलेलं आमचं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर थांबले.

"हे वाक्य कुणाचं?"

"माझं."

"बदल सुचवणार कोण?"

"कुणीही!"

"तपासणार कोण?"

"आम्ही... सगळे मिळून."

"सही कुणाची?"

काकांनी चष्मा काढला. "बाळ, आमच्याकडे एका बोल्टचं माप बदलायचं तरी चेंज नोट लागते. जुनं काय, नवं काय, कारण काय, आणि खाली तीन सह्या. तू अख्खा राजा बदलायला निघालीयस!"

पुढच्या रविवारी काका छापील फॉर्म घेऊन आले. शिवाय एक रबरी शिक्का. लाल शाईत, 'रद्द. वापरू नये.' आकुर्डीच्या एका कॉलेज ग्रुपने तेव्हा आमच्या राजा उदयभानाला दहीभातातून विष घातलं होतं. काकांनी त्यांचा फॉर्म वाचला, फाशांचे आकडे तपासले, सही केली, आणि मुख्य प्रतीतल्या राजाच्या चित्रावर, बरोबर कपाळावर, शिक्का मारला.

"आता मेला," काका म्हणाले. "इतके दिवस नुसती बातमी होती."

जाताना तांबवेशीबद्दल मला म्हणाले, "तुझं गाव शाबूत आहे हो." ते पुढे दर रविवारचं झालं.

*

राजा गेला, पण पंचाईत झाली वाकडला. एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर आमचं जुनं पुस्तक होतं, नवव्यावर त्याच आवृत्तीची दुरुस्त केलेली फेरछपाई. चौथ्यावर राजा जिवंत, नवव्यावर मेलेला. दोन मजल्यांनी एकत्र खेळायचं ठरवलं आणि पहिल्याच संध्याकाळी भांडण!

काका म्हणाले, "रिकॉल."

मी म्हटलं, "काका, पुस्तकं विकली गेलीत."

"मग? गाड्या विकल्यावरच परत बोलावतात ना!"

पुस्तकं परत बोलावण्याऐवजी आम्हीच घरोघरी जायचं ठरलं. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापल्या, डिंकाची बाटली घेतली आणि काका, मी असे वाकडला पोचलो. चौथ्या मजल्यावर एका बाईंनी दार उघडलं. आयटीत मॅनेजर होत्या, हातात लॅपटॉप तसाच उघडा. काकांनी गंभीरपणे चिठ्ठी पुढे केली.

"राजा मेला? कधी?"

"गेल्या महिन्यात. आकुर्डीला."

बाईंनी आत हाक मारली, "अहो, उदयभान गेले!"

आतून आवाज आला, "अरेरे! कशाने?"

"दहीभाताने!"

आतले गृहस्थ बाहेर आले, क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, "बसा ना. चहा तरी घ्या. अशा वेळी नाही म्हणू नये."

काका बूट काढून आत गेले आणि दहा मिनिटं अगदी सुतकी चेहऱ्याने बसून आले.

*

आमचा तिसरा माणूस सोपान. मोशीचा, जुन्या शेतकरी घरातला. आता जमिनीचे व्यवहार बघतो. मला 'फॉरेन' म्हणतो. "काय फॉरेन, आज काय बुडवायचं?" अशी त्याची सुरुवात.

एकदा पिंपरीच्या ग्रुपची नोट आली. राक्षस मारला, आता डोंगर आमचा. आकडे बरोबर होते. काका सही करणार, तेवढ्यात सोपानने कागद ओढून घेतला.

"राक्षस मेला, मान्य. पन डोंगर ह्यांच्या नावावर कसा झाला?"

"जिंकला त्यांनी," मी म्हटलं.

"जिकून सातबारा बदलतो व्हय? वारस कोन हाय त्याचे?"

आमची चौथी, रेश्मा, नकाशे काढते. ती हसायला लागली. "राक्षसाला कसले वारस रे?"

"आभाळातनं पडला का त्यो? आई-बाप असतील. एखादी भैन असंल."

"असेल."

"मंग तिची सही घेतली का?"

काकांनी पेन उचललं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'नामंजूर. बहिणीची सही नाही.'

मला वाटलं, पिंपरीवाले चिडतील. त्यांनी दोन आठवड्यांनी कळवलं की बहीण सापडली. पलीकडच्या खोऱ्यात राहते. स्वभावाने चांगली आहे. सही मागितली की जेवायला वाढते. पुढच्या पत्रात, अजून तिच्याकडेच आहोत. त्याच्या पुढच्या पत्रात, तिची भिंत पडली होती, ती बांधून दिली.

आज अख्ख्या मुलखात राक्षसाच्या बहिणीइतकं लाडकं पात्र नाही. लोक वाट वाकडी करून तिच्याकडे जेवायला जातात.

सही तिने अजून केलेली नाही!

*

चाकणला एका खोलीत सहा जण राहतात. तिघांच्या शिफ्ट वेगळ्या, तिघांच्या वेगळ्या. सगळे एकत्र कधीच नसतात. तरी त्यांनी खेळ थांबवला नाही. कंपनीत मशीन जसं पुढच्या शिफ्टच्या हवाली करतात, तशी त्यांनी गोष्ट हवाली करायला सुरुवात केली. भिंतीवर वही टांगलेली. उठणाऱ्याने लिहायचं, येणाऱ्याने वाचून पुढे खेळायचं.

त्यांनी चेंज नोटबरोबर त्या वहीची पानं पाठवली होती. काका वाचताना इतके खूश झाले, की आम्हाला प्रत्येक नोंद मोठ्याने ऐकवली. त्यातली ही एक:

'फर्स्ट शिफ्ट. नायक कड्यावरून घसरला. मुळी धरून लटकला आहे. बस आली. पुढच्या शिफ्टने बघावे.'

त्याच्या खाली: 'सेकंड शिफ्ट. ओव्हरटाइम लागला. बघता आले नाही. नायक लटकलेला.'

मग सलग आठ दिवस फक्त 'लटकलेला.' नवव्या दिवशी वेगळ्या अक्षरात: 'लटकलेला. आज सुट्टी होती तरी कोणी काढले नाही. नायकाचा निषेध नोंदवावा.'

काकांनी तो निषेध रीतसर नोंदवला! नव्या नकाशात रेश्माने त्या जागेला 'लटक्याचा कडा' असं नाव दिलंय. तिथून जाणारा प्रत्येक प्रवासी मुळीला हात लावून पुढे जातो, असं आता पुस्तकात अधिकृतपणे लिहिलेलं आहे.

*

रेश्माचाही एक सांगते, छोटासाच आहे. ती वाकडला राहते, आयटीत काम करते. मुलखाचे सगळे नकाशे तिचे. एका वाचकाने तक्रार केली की उत्तरेच्या नदीवरचा पूल तिन्ही नकाशांत अर्धवटच कसा? मुलूख बारा वर्षं पुढे गेला, युद्धं होऊन गेली, राजे बदलले, पूल तसाच!

मी रेश्माला विचारलं. ती नकाशावरून नजर न काढता म्हणाली, "मी रोज गाडी काढते ना, तेव्हा समोर जे दिसतं तेच येतं हातातून. पूर्ण झालेला पूल मला काढताच येत नाही गं."

*

तळेगावहून चाकणला जाणारी एक कंपनीची बस आहे. तिच्या मागच्या दोन सीटवर दत्ता आणि त्याचे चार दोस्त रोज जाता-येता खेळतात. पाचही जण वरच्या मावळातले, पाचही कॉन्ट्रॅक्टवर. दत्ता त्यांचा सूत्रधार. मांडीवर डब्याचं झाकण ठेवायचं, त्यात फासे टाकायचे.

त्यांनी पाठवलेली पहिली नोट नियमाबद्दल होती. फासा पडल्यावर बस खड्ड्यात आदळली आणि फासा उलटला, तर कुठला आकडा धरायचा?

मी म्हटलं, "पहिला. उघड आहे."

काका म्हणाले, "जागेवर बघितल्याशिवाय सांगू नये." आणि खरोखर एक दिवस त्या बसमध्ये बसून गेले! संध्याकाळी परत आले ते कमरेला हात लावून.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"उलटलेला आकडाच खरा. मी मोजलं. खड्डे धरले नाहीत, तर त्या रस्त्यावर खेळच होत नाही." मग म्हणाले, "पोरं चोख आहेत. खड्ड्याने पडलेल्या आकड्यापुढे 'ख' लिहून ठेवतात. मी न सांगता."

काकांकडून चोख हा शब्द मी त्याआधी फक्त एका मशीनबद्दल ऐकला होता.

"कुठे खेळतायत मुलखात?" मी विचारलं.

"ते नाही विचारलं. तुझं गाव शाबूत असेल, काळजी करू नकोस."

*

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दत्ता स्वतः आला. दोन दोस्तांना घेऊन, काकांच्या हॉलमध्ये. दुसरी आवृत्ती प्रेसला जायला पंधरा दिवस राहिले होते. चपला नीट जोडून ठेवल्या, पाणी प्यायला, आणि फॉर्म काकांच्या हातात न देता माझ्या हातात दिला.

जुनी स्थिती: तांबवेस.

नवी स्थिती: तळं.

मी दोनदा वाचलं. "दत्ता, हे काय?"

"धरनाचं दार फोडलं, ताई."

"कुणी?"

"आमीच."

"पान चौतीसला तुमी लिवलंय," दत्ता सांगायला लागला, "वरच्या अंगाला धरन आनि काही वस्त्या हायेत. येवढंच. पुढं काय न्हाई. आमी म्हटलं चला, आपन तिथलेच. मंग खाली बघितलं तर शहरातले पाट बारा महिने वाहत्यात. ते बी तुमीच लिवलंय. पानी आमच्या उशाला, आन आमच्या हंड्यात न्हाई."

"मग दरबारात जायचं! तांबवेशीच्या दरबारात कुणालाही दाद मागता येते, लिहिलंय मी."

"गेलो की. सहा येळा. दरबार पुनवेलाच भरतो, पान एकोनचाळीस. पुनवेला गेलो, तर अर्ज आधल्या पुनवेला द्याया पायजे, पान चाळीस. अर्ज दिला, तर पाटाचा इषय पाटकऱ्याकडं. पाटकरी कोन, त्ये पुस्तकातच न्हाई."

ती दोन पानं मी दरबार भारदस्त वाटावा म्हणून लिहिली होती. पाटकरी हा शब्द कानाला गोड वाटला होता, म्हणून.

काकांनी हात पुढे केला. दत्ताने फाशांच्या नोंदींचा गठ्ठा दिला. काका चष्मा लावून बसले. अर्धा-पाऊण तास एकेक आकडा तपासत राहिले. रेश्मा मुखपृष्ठाचा प्रूफ घेऊन आली होती, तिने तो हळूच उलटा करून ठेवला.

"नोट बरोबर आहे," काका म्हणाले.

"काका, साठ पानं आहेत! मुखपृष्ठ आहे!"

"मग नाकार. तुझा अधिकार आहे. कारण लिही." त्यांनी पेन माझ्यापुढे ठेवलं.

मी पेन घेतलं. कारणाचा रकाना दोन ओळींचा होता. मनात आलेलं प्रत्येक कारण मी तिथे लिहून बघितलं, म्हणजे हवेतच. 'लेखिकेला आवडते.' 'तयार आहे.' 'चांगलं शहर आहे.' शेवटचं लिहायला लागले आणि दत्ताकडे बघितलं. तो गुडघ्यावर हात ठेवून वाट बघत होता, अगदी शांत.

काका म्हणाले, "ड्रॉइंगवर जे माप दिलेलं नसतं ना, ते कामगार स्वतः काढतो. चूक त्याची धरत नाहीत."

माझा शेवटचा दारूगोळा उरला होता. "आणि माणसं? तीनशे घरं होती तिथे. तीनशे घरं बुडवलीत तुम्ही?"

दत्ता पहिल्यांदाच चिडला. "बुडवली? ताई, आमी काय येडे हाय का? आदी मानसं काढली, मंग दार फोडलं!"

त्याच्या दोस्ताने पिशवीतून एक लांब हजेरीचं रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. प्रत्येक ओळीला एक घर. कर्त्या माणसाचं नाव, घरात किती जण, म्हातारं कोण, शेळ्या किती, कुणाच्या पाठीवर बसून वर आलं, आणि वरच्या वस्तीत घर कुठलं दिलं.

"ही नावं कुठून आणली?" मी विचारलं. तांबवेशीत मी फक्त सात जणांना नावं दिली होती.

"पुस्तकात न्हवती. नाव इचारल्याबगर कुनाला घराबाहेर काढायचं कसं? मंग आमीच दिली. सव्वा महिना बसमधी त्येच केलं. खेळ असा झालाच न्हाई." मग तो म्हणाला, "ग्रंथालयाची पुस्तकं बी आनलीत. चार भिजली. ती वाळत घातल्यात."

सोपानने रजिस्टर स्वतःकडे ओढलं. एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत गेला. सातबारा वाचतो तसा. तीन-चार पानं झाल्यावर म्हणाला, "एक बी घर सुटलेलं न्हाई राव." आणि रजिस्टर अलगद माझ्यापुढे सरकवलं.

मी सही केली. माझ्या खाली रेश्माने केली, मग काकांनी. काकांनी शिक्का शाईच्या पॅडवर दाबला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मुख्य प्रतीतलं चौतीसावं पान उघडलं, वेशीच्या चित्रावर शिक्का पडला.

शाई वाळेपर्यंत काहीतरी करायचं म्हणून मी रजिस्टरची पानं उलटत होते. शेवटच्या पानावर घरांचे नंबर संपत आले होते. दोनशे अठ्ठ्याण्णव, दोनशे नव्याण्णव, तीनशे. आणि त्याखाली आणखी एक ओळ. घर नंबर तीनशे एक. तोंड पूर्वेला, अंगणात आंबा. नावाचा रकाना कोरा.

"दत्ता, घरं तर तीनशेच होती. हे कुणाचं?"

"तुमचं, ताई," दत्ता म्हणाला. "गाव बुडाल्यावर तुमी राहनार कुठं?"